पडदीच्या अलीकडे

पाटीवर स्वतःचं नाव नको म्हणणारी बाई माईने उभ्या जन्मात पाहिली नव्हती, आणि पाहिली ती निघाली घरचीच सून. सकाळी कप विसळता विसळता म्हणाली, "माई, पाटीवर माझं नाव नका घालू." बस्स. कप पालथे घातले, हात पुसले आणि मागच्या खोलीत जाऊन कानाला हेडफोन लावून बसली. चहात साखर नको म्हणावं तसं. भांडली असती तर माईला बरं वाटलं असतं. भांडणाऱ्या माणसाला कुठेतरी धरता येतं. ही म्हणजे ओला साबण, आवळावा तितका सुटणार आणि वर हाताला वास गोड. दुपारी पेंटर येणार होता. दुकानाची जुनी पाटी त्याने उतरवून नेली होती, घासूनपुसून तिला पांढरा हात दिला होता आणि आज तिच्यावर तो नाव काढणार होता. मास्तर, म्हणजे माईचा नवरा, गेल्यापासून कुलूप लागलेलं शिलाईचं दुकान पुन्हा उघडायचं, कारागीर ठेवायचा, सुनेला पुढे गल्ल्यावर बसवायचं आणि मास्तरांचं नाव होतं त्या जागी सुनेचं नाव घालायचं, असं माईने ठरवलं होतं. पोटच्या पोराचं नाही, सुनेचं. पोरगा कारखान्यात पाळीवर जाणारा, त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही. माईजवळ देण्यासारखं जे काही होतं त्यातलं सगळ्यात मोठं तिने काढून पुढे ठेवलं होतं, आणि समोरच्या माणसाने त्याला बोटही न लावता ते परत सरकवलं होतं. खिडकीशी बसून ती मुलाच्या जुन्या कोटाचं अस्तर उसवत होती. उसवण्याचं काम आज हाताला चांगलं लागत होतं.

आतून आवाज येत होते. गळा एकाच बाईचा, पण दर वेळी वेगळ्या घरचा. "नमस्कार, बेकरी." थोड्या वेळाने, "हो, किल्लीवाल्यांकडूनच बोलतेय, किल्ली आत मोडलीय की नुसती फिरत नाही?" मग खुर्च्या विणणाऱ्या म्हाताऱ्याशी, कानाने अधू माणसाशी बोलावं तसं सावकाश, "काका, जागा बघतेय मी तुमच्यासाठी. जिन्यात बसून किती दिवस विणणार?" सून करते काय, असं शेजारणीने विचारलं की माई विषय बदलत असे. सांगणार काय, कपाळ? ही पाव भाजत नाही, किल्ली घासत नाही, खुर्ची विणत नाही. पीठ संपायच्या आत पीठ मागवते, कोणाकडे आधी जायचं आणि कोणाला थांबवायचं ते ठरवते, तापलेल्या गिऱ्हाइकाला थंड करते, विसरलेल्याला आठवण देते. आणि लोक म्हणतात, बेकरीवाली काय चोख, किल्लीवाला काय वेळेचा पक्का. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ही तर तीन दुकानांची पाहुणी. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसं माईने पुष्कळ पाहिली होती, पण त्यांना निदान लष्कर तरी दिसत असे. हिला तेही नको होतं. खोलीचं दार लोटून घ्यायची आणि आत कोणीतरी दुसरीच होऊन बसायची.

लग्न होऊन आली तेव्हा अशी नव्हती. मोठ्या हॉटेलात शिरल्या शिरल्या जे चकचकीत टेबल असतं त्याच्यामागे उभी राहायची. इस्त्रीचे कपडे, केस घट्ट बांधलेले आणि छातीवर पितळेच्या पट्टीत नाव. ती पट्टी माईने सगळ्या नात्यागोत्यात मिरवली होती, जणू पदकच. मग एक दिवस घराचं कुलूप बिघडलं. किल्लीवाला उंबऱ्यापाशी गुडघे टेकून बसला, दोन्ही हात कुलपाच्या पोटात, आणि खिशातला फोन वाजतोय, थांबतोय, पुन्हा वाजतोय. हातात काम असताना पोर रडायला लागलं की बाई जशी नुसतीच वळून बघते तसा तो खिशाकडे बघत होता. सून म्हणाली, उचलू का मी? आणि उचलला. कुलूप निघेपर्यंत तिने त्याच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या लावून दिल्या. ज्या म्हातारीच्या घरात गॅस चालू राहिला होता ती आधी, ज्याच्या कपाटाचं कुलूप होतं तो नंतर. किल्लीवाला उठून उभा राहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून कोणीतरी ओझं उतरवून ठेवल्यासारखं दिसत होतं. त्या संध्याकाळी सून जेवताना नवऱ्याला सांगत होती की हॉटेलात लोक पट्टीवरचं नाव वाचतात ते खेकसण्यासाठी. आज कोणालाच माझं नाव माहीत नव्हतं आणि सगळं जिथल्या तिथे बसलं. मला काय येतं ते मला आज कळलं. माई ताटावरून म्हणाली होती की दुसऱ्याच्या खिशातला फोन उचलता आला म्हणजे शिक्षण पुरं झालं म्हणायचं. सून हसली होती. पुढच्या महिन्यात पितळेची पट्टी हॉटेलात परत गेली.

दुपारच्या आधी सून दाढ काढायला दवाखान्यात गेली. फोन टेबलावर ठेवून गेली आणि जाता जाता म्हणाली की वाजला तर वाजू द्या, आल्यावर मी बघते. तो वाजला. माईने वाजू दिला. पुन्हा वाजला. वाजणारा फोन म्हणजे गल्ल्यासमोर उभं राहिलेलं गिऱ्हाईक. त्याने हाक मारायची आणि आतल्या माणसाने ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, हे माईच्या हाडात बसणारं नव्हतं. मांडीवरचा कोट बाजूला टाकून ती मागच्या खोलीत गेली, सून करते तसं हिरव्या खुणेवर बोट ओढलं आणि फोन कानाला लावला. बाईचा आवाज आला, घाईतला, मागे पोरांचा कालवा. बेकरी ना? मी शाळेतून बोलतेय. उद्या सकाळचे पाव सांगितलेत तुमच्याकडे, पोरांच्या खाऊसाठी. एक मुलगी आहे, तिला तीळ चालत नाहीत, घसा सुजतो, मागे दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तुमच्या पावांना तीळ नसतात ना?

माईचं तोंड सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दूधवाला तिच्या दारी मापाला हात थरथरू देत नसे; सोयऱ्यांत तिला मागून कातर म्हणत आणि तिला ते माहीत होतं, मनातून आवडतही होतं. ते तोंड उघडेना. जीभ टाळूला टेकून राहिली, ओल्या कापडाला कागद चिकटावा तशी. पलीकडे एक परकी बाई उत्तराची वाट बघत होती, आणि माईच्या लक्षात आलं की आपला उजवा हात टेबलावर आहे आणि सुई टोचू नये म्हणून मधल्या बोटात घातलेलं धातूचं अंगुस्तान, उसवताना काढायचं राहिलेलं, लाकडावर वाजतंय. टक, टक. दोन ठोके. "हॅलो?" बाई म्हणाली. "नसतात ना?" माईच्या घशातून हवा निघावी तसा एक हुंकार निघाला. "हं." बाई म्हणाली, बरं झालं बाई, जीव भांड्यात पडला, आणि फोन बंद झाला.

मग माईला आठवलं की गेल्या आठवड्यात सुनेने बेकरीतून पाव आणले होते. पिवळसर, मऊ, वरून चकाकणारे. आणि संध्याकाळभर आपण खोट्या दातांखालून तीळ काढत बसलो होतो.

तिने फोन उचलला. तो काळा पडला होता. दाबला तर उजळला आणि आकडे मागायला लागला. माईला आकडे ओळखता येत होते, मापाच्या टेपवरचे सगळे येत होते, पण हे कोणते मागतोय ते तिला कसं कळावं. शेजारणीकडे जावं तर काय सांगणार? मी हं म्हटलं? ती खिडकीशी येऊन बसली, उठली, फाटकापर्यंत गेली, रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता, परत आली. उद्या सकाळ अजून लांब होती. सून येईल, सगळं होईल. पण तिला एका जागी बसू देत नव्हतं ते उद्याचं नव्हतं. एक न पाहिलेली पोर, तिचा सुजणारा घसा, आणि माईचा स्वतःचा घसा, ज्यातून शब्द निघाला नव्हता. आपण बोललो का नाही? घरात बोलतो, बाजारात बोलतो, सोयऱ्यांच्या बैठकीत पुरुषांना खाली बघायला लावतो. गिऱ्हाइकाशी आपण कधी बोललो? तिने आठवून पाहिलं. मास्तर पुढे, ती मागे. मधे फळ्यांची पडदी. मास्तर माप घेत, हसत, बसा म्हणत. कातर त्यांनी आयुष्यात धरली नाही, तरी मास्तर तेच. कापणारी ती. पडदीला तिच्या डोळ्याच्या उंचीवर एक फट होती, तिनेच सुरीने रुंद केलेली. गिऱ्हाईक कापड टाकून म्हणायचं, रविवारपर्यंत होईल? मास्तर टेप गळ्यात अडकवत विचार केल्यासारखं करायचे, आणि आतून अंगुस्तानाचा ठोका यायचा. एक ठोका, नाही. दोन ठोके, हो. मग मास्तर म्हणायचे, "होईल." लोक म्हणत, मास्तर शब्दाचा पक्का, बोलण्याआधी नेहमी थांबतो.

हे सगळं माईने लोकांना हजारदा सांगितलं होतं, कायम एकाच चालीत: मास्तरांनी मला जन्मभर पडदीमागे ठेवलं, पाटीवर कधी घातलं नाही. सुनेला पुढे बसवायचं, तिचं नाव ऊनपावसात सगळ्यांसमोर टांगायचं, म्हणजे त्या गोष्टीचा हिशेब पुरा होणार होता. पण आता रिकाम्या घरात, दोन ठोके अजून बोटात असताना, ती गोष्ट नेहमीच्या चालीत बसेना. कुठेतरी टीप उसवली आणि आतलं कापड दिसायला लागलं. दुकान चालायला लागलं होतं ते दिवस. मास्तरांनी पेंटर आणलेला, तेव्हाचा, आताच्या पेंटरचा बाप. तो बाहेर शिडीवर. मास्तर पडदीच्या आत आले, कधी नव्हे ते चपला काढून आले, आणि म्हणाले, दोघांचं घालू या का? ती टेबलावर वाकून काळ्या कापडावर खडूची रेघ ओढत होती. तिने मान वर केली नव्हती. माझं नाव काय धुणं आहे, म्हणाली होती, बाहेर वाळत घालायला? मास्तर हसले होते, शिडीवरचा पेंटरही हसला होता. तिने रेघ पुरी केली होती. ती रेघ तिला आता दिसत होती, गळ्यापासून खांद्यापर्यंत, एकदाही न थांबलेली. आणि त्या वेळी वाटलं होतं ते वाटणंही, की सगळे बाहेर जा, मला हे करू द्या. मग कधीतरी वर्षं गेली, मास्तरांचं नाव मोठं झालं, आणि त्यांनी विचारलं होतं हेच ती विसरली. की विसरणं सोयीचं होतं. कोण जाणे. माणूस आपल्याच तोंडचं इतक्यांदा ऐकतो की त्याला साक्षीदार लागत नाही.

आणि फटीतून काय दिसायचं. एखादा माणूस नवा कोट घालून आरशासमोर उभा राहायचा, आधी ताठ, शाळेतल्या पोरासारखा. मग हात वर करायचा, केस सारखे करायला. बगलेत कोट ओढला नाही, खांदा उचलला नाही, तर माणूस कोटाचं विसरायचा आणि मास्तरांशी भलत्याच गोष्टी बोलायला लागायचा. कोट जमल्याची ती खूण. अंगावर कोट आहे हेच तो विसरला. तेव्हा फटीमागे माईला जे व्हायचं त्याला तिच्याकडे शब्द नव्हता. भाकरी फुगताना बघण्यासारखं, पण त्याहून खोल. ते पुढे गल्ल्यावर बसून झालं नसतं. पुढे बसणाऱ्याला फक्त तोंडावरचं कौतुक दिसतं. मास्तर अस्तराला हलकं कापड आणायचे, म्हणायचे, आतलं कोण बघतं? ती म्हणायची, अंग बघतं. आणि चांगलं आणायला लावायची.

फाटक वाजलं. सून आली, गालाला रुमाल, बोलताना अर्धं तोंड झोपलेलं. माईने तिला बसूही दिलं नाही. पण सांगताना आवाज असा लावला की जणू फोनच तिच्या अंगावर धावून आला होता: तुझ्या त्या यंत्रावर शाळेतली बाई होती, तीळ असतात का म्हणाली, एका पोरीला बाधतात, आणि मी हं म्हटलं. माई पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली, तुम्हाला सांगितलं होतं ना वाजू द्या, या वाक्याची. त्यावर द्यायचं उत्तरही तयार होतं, धार लावून. सुनेने फक्त विचारलं, तीळ नसतात ना म्हणाल्या, की असतात का? आणि तुम्ही हं एवढंच? माई म्हणाली, नसतात ना असंच म्हणाली, आणि मी एवढंच. सुनेने मान हलवली आणि आत गेली. या वेळी दार लोटायचं राहिलं, किंवा तिने राहू दिलं. दार आणि चौकट यांच्यामध्ये एक फट उरली, माईच्या डोळ्याच्या उंचीवर.

माईने मान तिकडे नेली. वयाच्या या टोकाला ती पुन्हा फटीशी उभी होती, फक्त आता ती बाहेर होती आणि आतल्या बाजूला कोणीतरी काम करत होतं. सुनेने आधी बेकरीवालीला फोन लावला. तिचे हात पिठात असणार म्हणून की काय, ती थोडं थोडं आणि नेमकं विचारत होती: सगळ्या पावांना तीळ? भाजायचे पत्रे तेच? टेबल तेच? मग उद्या भट्टी पेटल्यावर पहिला घाणा शाळेचा घ्या, तिळांचा डबा उघडायच्या आत. पत्रे आजच घासून वेगळे ठेवा. पाव झाकून मी स्वतः घेऊन जाईन. आणि त्या मुलीसाठी काय, असं पलीकडून विचारलं असावं, कारण सून म्हणाली की ते तिची आई ठरवेल, आपण नाही. आपण फक्त खरं काय ते सांगायचं. बोलताना तिचा मोकळा हात टेबलावर होता. बोटं हलत होती, कापड सारखं करावं तशी. मग तिने शाळेला लावला. तोंड अर्धं सुन्न होतं तरी शब्द एकेक करून स्वच्छ काढत होती, आणि माईने ऐकलं, "मघाशी आमच्याकडून अर्धंच उत्तर गेलं, बाई. माफ करा. पावांना तीळ असतात."

आमच्याकडून.

हा शब्द पडदीपलीकडे पूर्वीही बोलला गेला होता. एकदा, कधीतरी, एका भारी कापडाची बाही तिच्या हातून आखूड कापली गेली होती. गिऱ्हाईक लग्नाचा मुलगा, त्याचा बाप बरोबर, लाल झालेला. पडदीमागे ती कातर घट्ट धरून उभी राहिली होती, आता मास्तर म्हणणार, आतल्या बाईकडून झालं. मास्तर म्हणाले, "आमच्याकडून चूक झाली." आणि उभे राहिले, खाली मान घालून, बाप बोलेल ते घेत. तेव्हा माईला वाटलं होतं, कौतुक तर घेतोच हा माणूस, आता चूकसुद्धा स्वतःच्या नावावर केली. तेव्हा तिला तो शब्द नीट ऐकूच आला नव्हता. 'आमच्याकडून' म्हटल्यावर पडदीच्या दोन्ही बाजूंना किती जागा होते, एवढी की त्यात चुकलेलं माणूस उभं राहू शकतं आणि त्याच्याकडे कोणी बोट दाखवू शकत नाही, हे तिला आज, दाराच्या फटीतून, दाढ काढून आलेल्या सुनेच्या तोंडून कळत होतं. फोनमध्ये शाळेतली बाई काहीतरी बराच वेळ बोलली. आधी आवाज चढलेला होता, मग उतरला, मग सून हसली, सुजल्या गालाने. शाळेतली बाई बहुतेक भलत्याच गोष्टी बोलायला लागली होती.

पेंटर आला तो पाटी सायकलला आडवी बांधून, वरून कापड. बापासारखाच बोलका. ओट्यावर पाटी उभी केली, डबे मांडले, ब्रश दातात धरून म्हणाला की मावशी, आता नाव सांगा, पांढरा रंग बघून बघून मला मोतीबिंदू व्हायची वेळ आली. आवाज ऐकून सून बाहेर आली आणि दारात थांबली. सकाळी बोलली होती, पुन्हा बोलायची तिची रीत नव्हती. पण चेहरा असा होता की आता जे नाव पडेल ते ती सोसेल, घरात राहायचंय म्हणून सोसेल, आणि उद्यापासून गल्ल्यावर बसेल, छातीवर पुन्हा पितळेची पट्टी लावावी तशी. माईला ते दिसलं. एवढं बघायला फट लागत नव्हती.

माईने पाटीकडे पाहिलं. पांढरी, ओली दिसणारी, कोऱ्या कापडासारखी. अशा कापडावर पहिली रेघ ओढायच्या आधी हात जसा थोडा वर थांबतो तसा तिचा हात मांडीवरच्या कोटावर थांबला होता. पेंटरची वाट बघताना लावायला घेतलेलं नवं अस्तर अर्धं लागलं होतं. पेंटरला तिने सांगितलं की लिही, खुर्च्या विणून मिळतील. पेंटरने ब्रश तोंडातून काढला. शिलाईचं दुकान ना मावशी? माई म्हणाली की तुला लिहायला बोलावलंय, विचारायला नाही. तुझा बापही असाच शिडीवरून दात काढायचा. पेंटर गप खाली बसला आणि डबा उघडू लागला. सून अजून दारातच होती, रुमाल गालाला तसाच, आणि डोळे पाटीवर, मग माईवर. माईने अंगुस्तान बोटात सारखं केलं, सुई कापडात खुपसून ठेवली, म्हणजे बोलताना हात मोकळे राहतील, आणि सुनेकडे बघून म्हणाली:

"ऐक. तू हट्टी आहेस, आणि वर गोड बोलतेस, म्हणजे दुप्पट हट्टी. नाव नको तर नको, मरू दे ते नाव. दुकानातली पुढची खोली तुझ्या त्या खुर्च्यावाल्या म्हाताऱ्याला दे, जिन्यात बसून पाठ मोडेल त्याची. मागची तुझी. कापायचं टेबल तिथेच राहील, त्यावर तुझे फोन मांड, उजेड चांगला येतो. दुसऱ्यांच्या कामाला अस्तर चांगलं लावतेस तू. आणि पडदीला एक फट आहे, ती बुजवलीस तर गाठ माझ्याशी आहे."